चढता चढता बोला, काका!

हार्टवाल्यांच्या व्यायामवर्गाला जायला लागले तेव्हा वाटलं, तिथं सगळे तोंड पाडून बसलेले असतील. कसलं काय! गोळ्यांचा डबा रिकामा होतो, पण किस्से आपले साठतच जातात. आता पोटात मावेनात, म्हणून सांगते.

*

पहिल्याच दिवशी व्यायाम घेणाऱ्या मुग्धानं तीन गोळे असलेलं एक खेळणं हातात दिलं. नळी तोंडात धरायची आणि श्वासानं गोळे वर चढवायचे. मी जीव खाऊन फुंकलं. गोळे ढिम्म!

"आजी, फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा."

"अगं, जन्म गेला चूल फुंकण्यात. आत ओढत बसले असते तर घरादाराला जेवायला कोणी घातलं असतं?"

*

बबनराव मार्केट यार्डातले हमाल. चालण्याच्या टेस्टला कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझारा घालायच्या. यांनी जाता जाता एक खुर्ची उचलून खांद्यावर घेतली!

"अहो बबनराव, वजन नाही उचलायचं!"

"ताई, खांदा रिकामा असला की पाय कुठं टाकावा ते कळत न्हाई."

*

दम किती लागला, ते दहापैकी सांगावं लागतं. देशपांडे बाई शाळेतून रिटायर झालेल्या. सायकल मारून चेहरा लालबुंद, तोंडातून शब्द फुटेना. तरी म्हणाल्या, "सहा."

"सहाच?"

"पैकीच्या पैकी... मी कधी... कोणाला दिले नाहीत!"

*

लेलेकाका नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. बायपासनंतर मुलानं बजावलं, "बाबा, जिना झेपला नाही तर हे घर विकायचं आणि खराडीला माझ्याकडे यायचं." काकांचा सगळा जीव त्या घरात!

चालताना धाप न लागता सलग बोलता आलं, तर तेवढं चालणं झेपतंय असं धरतात. म्हणून मुग्धा त्यांना चालता चालता प्रश्न विचारायची. काकांची उत्तरं: "हो." "नाही." "बघू."

मुग्धाला काळजी वाटली. ती लेलेकाकूंना म्हणाली, "काकू, यांना एका शब्दापुढे बोलताच येत नाहीये हो!"

काकू म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून एवढंच येतंय!"

*

शेवटी ठरलं, काकांच्याच जिन्यावर बघायचं. काका पुढे, मुलगा आणि मुग्धा मागे. मी आणि काकू खाली ओट्यावर, कान वर लावून.

"काका, सकाळी काय खाल्लंत?" मुग्धाचा आवाज आला.

"पोहे."

"कसे झाले होते?"

"बरे."

"अहो, बोला की!" काकू पुटपुटल्या.

पहिला मजला गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू दे आता. खराडीला सगळी सोय आहे." दुसऱ्या मजल्याशी तर पावलंच थांबली. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

आणि एकदम गडगडाट!

"कुलकर्णी! हा जिना आहे, तुमचं चपलांचं प्रदर्शन नव्हे! इथे सायकल, तिथे कुंड्या, माणसांनी काय भिंतीवरून चालायचं? मीटिंगला कधी तोंड दाखवायचं नाही, आणि जागा मात्र शेजाऱ्याची वापरायची! बोर्ड लावला तर बोर्डावर छत्री अडकवता!"

आवाज चढत चढत थेट तिसऱ्या मजल्यावर पोचला. मध्ये कुठे तुटला नाही!

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. कुलकर्णी आनंदानं ओरडले, "वा लेले! बरे झालात वाटतं!"