बाबांना केव्हा कळलं

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका अशिलाशी बोलत उभी होते.

"वकील मॅडम, आपके पिताजी थाने में बैठे हैं. स्कूटर चोरी का मामला है."

मला वाटलं, चुकीच्या माणसाला फोन लागला. तेवढ्यात फोनमध्ये मागून बाबांचा आवाज आला. "तिले म्हणा, गाडी हळू चालवत ये."

मी रायपूरला फौजदारी वकिली करते. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, आई गेल्यावर शंकर नगरला माझ्याकडेच राहायला आले. आयुष्यभर विनातिकीट एक स्टेशनसुद्धा न गेलेला हा माणूस. पण ठाण्याच्या बाकावर ते बसले होते ते अंग चोरून. चष्म्याची एक काच तडकलेली, डावा गाल सुजलेला. समोरच्या खुर्चीवर तिशीतली एक बाई. मला पाहताच ती उठली आणि टीआयना, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरना, म्हणाली, "अच्छा, बेटी वकील है. अब तो छूट ही जाएँगे."

घडलं ते असं. सकाळी बाबा ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात गेले होते. बाहेर येऊन त्यांनी आपल्या चावीनं स्कूटर सुरू केली आणि घरी आले. स्कूटर त्या बाईची होती. तोच पांढरा रंग, तेच मॉडेल. तिनं गाडीचा फोटो सगळीकडे पाठवला. दुपारी आमच्या गल्लीतल्या दोघातिघांनी बाबांना त्याच गाडीवर बसताना पकडलं. एकानं थोबाडीत मारली.

टीआय माझ्याकडे वळले. "मैडम, एक बात समझाइए. गाड़ी आपकी बिल्डिंग के पीछे तिरपाल से ढँकी थी. अपनी गाड़ी कोई ऐसे छुपाता है क्या?"

कायद्यात नुसतं उचलणं म्हणजे चोरी नव्हे, उचलताना मनात बेईमानी असावी लागते. हे मी न्यायाधीशांसमोर किती वेळा म्हटलं असेन. पण मन कोणाला दिसत नाही. ते वागण्यावरूनच ताडायचं असतं, आणि गाडी झाकून ठेवणं हे चांगल्या माणसाचं वागणं दिसत नव्हतं. बाबांशी दोन मिनिटं बोलायची परवानगी मागून मी त्यांना खिडकीपाशी नेलं.

"बाबा, एवढंच सांगा. चावी लागली, गाडी माझीच वाटली. पकडलं तेव्हाच समजलं. बाकी काही बोलू नका."

"पण मले घडी चौकातच समजलं होतं."

मी दाराकडे पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं.

"सिग्नलले थांबलो, तं आरशाले लाल धागा बांधलेला दिसला. आपल्या गाडीले कुठं आहे धागा?"

"मग परत काहून नाही फिरले?"

बाबांनी चष्मा काढला. "वाटलं, आता परत गेलो तं सारे म्हणतील, म्हातारा चोर आहे. घरी आलो. कोणी पाहू नये म्हणून झाकून ठेवली. तुले फोन करायलाही लाज वाटली. दुपारी हिंमत केली, म्हटलं जिथून उचलली तिथं ठेवून येतो. तं त्या पोट्ट्यांनी धरलं."

वकील म्हणून पहिला विचार आला की, दुपारी परत न्यायला निघालो होतो, हे तर प्रत्येक जण म्हणतो. मी स्वतः सरकारी वकील असते तर हसले असते. आपल्याच बापाबद्दल हे मनात आलं म्हणून मान फिरवून मी बाहेर बघू लागले.

परत आल्यावर मी टीआयना विनंती केली की, देवळाजवळ आमची गाडी उभी आहे का बघा. शिपाई गेला. तो येईपर्यंत बाबा मधेच पाणी प्यायला उठले, तर ती बाई दचकून दाराकडे सरकली. जणू हे पळणारच होते.

शिपाई आमची स्कूटर ढकलत घेऊन आला. टीआयनी त्या बाईची चावी मागून आमच्या कुलपात घातली. अडली. थोडी हलवली आणि फिरली.

"चलो, चोरी तो नहीं बनती," ते म्हणाले. मी बाबांना उठायची खूण केली.

"और मेरी माँ के इंजेक्शन?" बाई म्हणाली. "डिक्की में बर्फ के डब्बे में इन्सुलिन था. सब गरम हो गया. सुबह का डोज़ नहीं लगा, माँ चक्कर खाकर गिर गई. इनको पता कब चला? ये तो पूछिए!"

मी म्हणाले, "चावी घिसी हुई है, इन्हें तो—"

"घडी चौक में पता चल गया था, बेटी," बाबा मधेच त्या बाईला म्हणाले. "डर गया था. इसलिए नहीं लौटा."

टीआयनी पेन खाली ठेवलं. मी त्या बाईच्या ओठांकडे बघत होते. तिथून जे शब्द निघतील त्यावर बाबांची रात्र कुठे जाणार ते ठरणार होतं. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले. "माँ अब ठीक है. रिपोर्ट नहीं करनी मुझे. बस मेरी गाड़ी दे दीजिए."

टीआयनी बाबांना विचारलं, ज्यानं हात उचलला त्याच्यावर तक्रार करायची का. मी लगेच हो म्हणाले. बाबांनी नकारार्थी मान हलवली. "त्याले वाटलं मी चोर आहे."

"चोराला मारायचाही कोणाला हक्क नाही, बाबा!"

"हव," ते म्हणाले, "पण मी नाही करत."

त्यावरून आम्ही घरी येईपर्यंत भांडलो. मला अजूनही वाटतं, तक्रार व्हायला हवी होती. संध्याकाळी बाबांनी मला औषधाच्या दुकानात नेलं. बर्फात ठेवलेली इंजेक्शनं घेऊन आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं, डबा घेतला. आत या म्हणाली नाही. दार लावता लावता थांबली, बाबांच्या गालाकडे बघून म्हणाली, "बर्फ से सेंक लीजिएगा, चाचाजी."