वाळूतली पावलं

गाडीतली वाळू काढायला झाडू घेतला, की दोह्याबाहेरच्या वाळवंटातलं ते तमिळ सिनेमाचं शूटिंग आठवतं. मी युनिटचा ड्रायव्हर होतो. नायिका नायकाला सोडून टेकाडापलीकडे चालत गेली आणि पुढच्या टेकसाठी तिची पावलं पुसायला दिग्दर्शकाने माझ्या हाती झाडू दिला. माझा हात काही उचलेना. "साब, कोई घर से निकला तो हम तुरंत झाडू नहीं मारते." ऊन उतरत होतं, कॅमेरावाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. "मेरी अम्मा भी रुकती थी," दिग्दर्शक म्हणाला, आणि नायिका परत येईपर्यंत त्याने कुणालाच झाडू मारू दिला नाही. परवा सुट्टी संपवून दोह्यात उतरलो. 'पोचलो' म्हणून फोन केला, तेव्हा कुठे बायकोने घर झाडायला घेतलं.