बाज वळते का?

कुठल्याही इमारतीत शिरले की ते जिन्यापाशी थांबायचे. दोन्ही हात पुढं करून मुठी आवळायचे आणि काहीतरी जड उचलल्यासारखे तिरके तिरके, बारीक पावलं टाकत वर चढायला लागायचे. जिना वळतो त्या जागी आले की मागं झुकायचे, खांदा भिंतीला घासतो का बघायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "बाज वळते का?" उत्तरही तेच द्यायचे, "नाही वळत." मग हातातली ती नसलेली बाज खाली ठेवून चारचौघांसारखे वर निघून जायचे.

बाज म्हणजे सुतळीनं विणलेली खाट. आमच्या भंडारा जिल्ह्यात ती अजून घरोघरी सापडते. पण हातात नसलेली खाट वळवत फिरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तुम्ही तरी कुठं पाहिला असेल!

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी नगर परिषदेत घरकुलाच्या कामावर होते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झोपड्या घालून राहणाऱ्या कुटुंबांसाठी तीन मजली इमारती बांधायच्या होत्या. लोकांना जमवायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. नकाशे काढायला हे आर्किटेक्ट नेमलेले. मूळचे अड्याळचे, राहायला भंडाऱ्यात. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम मोजायचा टेप. पहिल्याच दिवशी कचेरीच्या जिन्यात गाठ पडली. ओळख ना पाळख, एकदम म्हणाले, "मॅडम, जरा पायथ्याकडून धरता का?"

"काय धरू?"

"बाज."

आता काय करणार? वरून शिपाई बघत होता. मी पर्स खांद्याला अडकवली आणि हवा धरली. वळणावर त्यांनी मला थांबवलं. "पाहा, तुमचं कोपर आपटलं." खरंच आपटलं होतं. तेव्हापासून कचेरीत माझ्यामागं मला सगळे 'बाजवाल्या मॅडम' म्हणायला लागले.

दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची मला लहानपणापासूनची खोड. हा माणूस असं का करतो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पण सरळ विचारलं की ते हसायचे आणि टेप काढून काहीतरी मोजायला लागायचे.

मग मी त्यांच्याबरोबर पाळीवर हिंडायला लागले. त्यांच्याआधी जे जे आले होते त्यांनी घरात माणसं किती आणि कागद आहेत का, एवढंच विचारलेलं. यांचे प्रश्न जगावेगळे. ओली छत्री कुठं ठेवता? पाहुणा आला की पोरगी अभ्यासाला कुठं बसते? आणि एका दुपारी, भर घोळक्यात, "घरात भांडण झालं का रुसलेलं माणूस कुठं जाऊन बसते?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गिरजाबाई तेवढी हसली नाही. बाजारात मासोळ्या विकणारी ही म्हातारी पाळीवर सगळ्यांत जुनी आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मी तं तलावाकडं तोंड करून पाळीवर बसते जी. सून चहा घेऊन आली का उठते. तुमच्या बिल्डिंगीत कुठं बसू? संडासात?"

परत येताना आर्किटेक्ट साहेब माझ्या स्कूटीवर मागं बसले होते. गाव येईपर्यंत एकच चाललं होतं, "बरोबर हाये बुढीचं. रुसायले जागा पाहिजेच." पुढच्या नकाशात जिन्याचं प्रत्येक वळण चांगलं रुंद झालेलं दिसलं, आणि तिथल्या खिडकीखाली बसायला एक कट्टा आला.

इथंच घोडं अडलं. जमीन तेवढीच, पैसाही तेवढाच. घराची बैठकीची खोली नियमातल्या मापापेक्षा हातभर मोठी निघत होती. ती हातभर जागा खोलीत ठेवायची की जिन्याला द्यायची, हे राहणाऱ्यांनीच ठरवावं असं वरून सांगण्यात आलं. राहणारे काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. साहेब मात्र त्या आठवड्यात नीट जेवतही नव्हते. "खोलीत गेली ना ती जागा, तं बाज वळत नाही मॅडम. मग सगळं मुसळ केरात," म्हणायचे.

त्यांनी लोकांना कागदावरचा नकाशा दाखवलाच नाही. खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की पोतंभर आणली आणि धान निघून गेलेल्या एका कोरड्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पूर्ण मापाचं घर आखलं. पांढरी रेघ म्हणजे भिंत, रेघेतली फट म्हणजे दार. शेजारी जिना, त्याच्या पायऱ्या, त्याचं वळण. पाळीवरची सगळी माणसं जमल्यावर म्हणाले, "चला, राहा आता."

आधी सगळे लाजले. मग एक बाई रेघांच्या स्वयंपाकघरात जाऊन उकिडवी बसली आणि ओरडली, "इथं भाकर थापली तं माझी पाठ भिंतीले लागते!" साहेबांनी लगेच रेघ मागं सरकवली. देवाजी नावाचा ट्रॅक्टर चालवणारा गडी तरातरा चालत खोलीत आला, तर साहेब त्याच्यावर कडाडले, "भिंतीतून कायले येता गा? दार तिकडं हाये!" देवाजी मुकाट्यानं परत फिरला, वळसा घालून दारातून आला, आणि येताना चपला बाहेर काढून आला. एक बकरी मात्र सगळ्या भिंतींतून आरपार गेली, तिला कोणी काही बोललं नाही.

पण बकरी गेली आणि देवाजीनं मुद्द्याला हात घातला. "सायेब, पायरीवर कोणी राहते का? ती हातभर जागा खोलीतच राहू द्या. नाहीतर माझा दिवाण बसत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मलाही त्याचंच पटत होतं.

साहेबांनी कोणाच्या तरी घरून बाज मागवली, तिच्यावर सरळ आडवे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उचला."

कोणी पुढं होईना. "जित्त्या माणसाले असं उचलते का कोणी? अपशकुन हाये," देवाजी म्हणाला. साहेब डोळे मिटून तसेच पडलेले. शेवटी गिरजाबाई कमरेवर हात ठेवून आली. "उठा जी सायेब. तुमचे लेकरंबाळं हायेत. मी झोपते. मले काय, माझा तं नंबर लागलाच हाये."

ती झोपली. देवाजी आणि आणखी तिघांनी बाज उचलली. लगेच ती किंचाळली, "डोकं पुढं करा रे! पाय पुढं मेलेल्याचे असतात!" मग बाज फिरवून घेण्यात आली. माणसं पोट धरून हसत होती. हसत हसतच ते देवाजीच्या मनासारख्या अरुंद जिन्यात शिरले. वळणावर देवाजीचा पाय रेघेवर पडला. "भिंत पाडली!" पोरं ओरडली. ते मागं आले, पुन्हा गेले. पुन्हा भिंत पडली. तिसऱ्यांदा बाज तिरपी केली तर गिरजाबाई दोन्ही हातांनी बाजेची चौकट धरून बसली. "पाडता का मले!"

"ठेवा खाली," साहेब हळू आवाजात म्हणाले. "नाही वळत."

हसणं थांबलं. गिरजाबाई बाजेवर उठून बसली, त्या रेघांकडं बघत राहिली. "मंग दुखणं आलं तं आमी वरून खाली कसं येऊ जी?"

साहेबांनी पायानं एक रेघ पुसली आणि हातभर अंतरावर दुसरी ओढली. चौघांनी बाज पुन्हा उचलली. ती वळली. देवाजीनं आपल्या लहान झालेल्या खोलीत इकडून तिकडं चालून पाहिलं. मग म्हणाला, "दिवाण इकून टाकतो. आपली बाजच बरी." साहेबांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, पुसतच राहिले.

त्या दिवशी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, मोहाच्या सावलीत आम्ही डबे उघडले. आता मी सोडणार नव्हते. "साहेब, हे बाजेचं कुठून आलं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग सांगितलं. त्यांच्या वडिलांना लकवा झाला तेव्हा उपचारासाठी त्यांना अड्याळहून भंडाऱ्याला आणलं, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आणताना पाठुंगळी आणलं. नंतर पाठीवर घेतलं की त्यांना कळा सोसवेनात, आणि बाज जिन्यात वळेना. जन्मभर शेतात राबलेला माणूस वरच राहिला. खाली कडुनिंबाखाली थंडीत म्हातारे उन्हाला बसत. ते वडिलांना बाजेवरून दिसत नसत, नुसते आवाज ऐकू येत.

"रोज सकाळी विचारायचे, 'खाली कोण बसून राहिलं रे?' मी खिडकीतून पाहून नावं सांगायचो. कोणी नसलं का मनानंच सांगायचो. खाली आले ते शेवटी चादरीत."

मी गप्प बसायला हवं होतं, पण जीभ राहीना. "तो जिना कोणी काढला होता?"

"मीच."

"मग ते घर विकलं का नाही?"

"विकलं तं दुसऱ्याचा बाप अडकून पडन ना," ते म्हणाले आणि लोणचं माझ्याकडं सरकवलं.

इमारती उभ्या राहिल्या. ते दर आठवड्याला यायचे, गवंड्यांना बाज उचलायला लावायचे. गवंडीही पक्के झाले होते, लांबून त्यांना पाहिलं की वरूनच ओरडायचे, "वळते, सायेब, वळते!" तरी ते स्वतः बघितल्याशिवाय ऐकायचे नाहीत.

भिंतींना रंग लागत होता तेव्हा ते गेले. हृदयाचं दुखणं निघालं आणि सकाळी उठलेच नाहीत. मी भंडाऱ्याला गेले तेव्हा त्या कडुनिंबाखालीच उभी राहिले. वरून चार माणसं त्यांना चादरीत घेऊन उतरत होती. वळणावर कोणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतं. मला त्या जिन्याकडं बघवेना. झाडाकडं तोंड करून मी रडले.

चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, त्यात गिरजाबाईला दुसरा मजला आला. तिनं माझा उद्धार केला, आणि राहायला गेली. त्याच वर्षीच्या थंडीत ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मला फोन आला. मी पोचले तेव्हा ॲम्बुलन्स खाली उभी होती आणि तिला बाजेवर घालून आणत होते. देवाजी पुढं होता. वळणावर आल्यावर तो तिरका झाला, मागं झुकला, बारीक पावलं टाकत फिरला. अगदी तसाच. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. जिना उतरताना डोकं उंच राहावं म्हणून या वेळी पाय पुढं होते, तर इतक्या कळांतही बाई ओरडत होती, "मी मेली नाही हां अजून!"

भिंतीला कोणाचं कोपर लागलं नाही. खाली आल्यावर तिनं माझा हात धरला. "मॅडम, सायेबाले सांगजा, बाज वळली म्हणून." तिला ते गेल्याचं ठाऊक होतं, कळांत ध्यानात राहिलं नसावं. मी सांगते म्हणाले.

ऑपरेशन झालं, पण ती काही पुन्हा धड चालली नाही. परवा सकाळी एका कामासाठी मी तिकडं गेले होते. जिन्यातल्या कट्ट्यावर तिची सून तोंड फुगवून बसली होती, म्हणजे ती जागाही नीट वापरात आहे. गिरजाबाई मात्र वर नव्हती. रोज ऊन वर आलं की देवाजी आणि शेजारचे तिघं तिला बाजेसकट खाली आणतात. इमारतीपुढच्या उन्हात ती लसूण सोलत पडली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, तिला कंटाळा आला असावा. तिनं मान वर केली आणि सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"वर कोण बसून राहिलं रे? खाली या ना. ऊन पडलं हाये."