कुतुबुद्दीनच्या चित्रातली बाई

कुतुबुद्दीन मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. बाप आणि दोघे भाऊही तेच करीत. नाटक कंपनी बसली तेव्हा हंबीरराव या हौशी इनामदाराने सगळ्या कुटुंबाला रंकाळ्याजवळच्या आपल्या आवारात आणले, राहायला खोल्या दिल्या आणि हलती चित्रे काढायचे यंत्र मागवले. शाहू महाराजांच्या राज्याची ती अखेरची वर्षे. गावाला सिनेमाचे वेड लागले होते, पण पडद्यावर दिसत ते देव आणि राक्षसच. कुतुबुद्दीनला वाचनाचा नाद. पेठ वडगावच्या गणपतराव मास्तरांची कादंबरी त्याने अशी काही रंगवून सांगितली, की हंबीररावांनी तिचे चित्र त्याच्याच हाती सोपवले.

कादंबरीतली बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून शेवटी उंबरा ओलांडते. ते काम तानाबाईने केले. पूर्वी ती तमाशात नाचायची. घरंदाज बाई कोण येणार? शेवटच्या प्रसंगात ती मागे न बघता अशी चालत गेली, की कुतुबुद्दीनच्या अंगावर काटा आला.

पहिल्या खेळाला तो मास्तरांना शेजारी घेऊन बसला. बाई निघाली, आणि लगेच पडद्यावर अक्षरे आली : ‘पतीच्या पायाशीच स्वर्ग.’ मागोमाग तानाबाई डोईवर घागर घेऊन घरात शिरताना दिसली. तो तुकडा सुरुवातीचा. कापून शेवटाला चिकटवलेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मास्तर उठून गेले.

“मालक, ह्ये काय केलंसा?” कुतुबुद्दीनने विचारले.

“बाई घरला आली की लोक बी खुशीत घरला जात्यात,” हंबीरराव म्हणाले. “तुझं नाव झालं न्हवं? मग गप की.”

नाव खरेच झाले. लगेच घर सोडणाऱ्या बाईचीच दुसरी कादंबरी हातात आली. या वेळी त्याने डोके चालवले. बाई घरात शिरते असा एकही प्रसंग घेतला नाही. खेळाला निर्धास्त बसला. तरीही शेवटी तानाबाई घागर घेऊन घरात शिरलीच. तुकडा मागच्या चित्रातला होता. लुगडे वेगळे, घर वेगळे. कुणाच्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी तानाबाईने बोचके बांधले. “मी निघालो, कुतुबभाई. शाहूवाडीला भावाकडं भात लावीन, पर त्या दारातनं आत जायाची न्हाय. तुमी बी चला की कुटं. पुण्यात हायती कंपन्या.”

कुतुबुद्दीनने आवाराकडे पाहिले. नजर मंदावलेला बाप चाचपडत पडद्यावर महाल रंगवत होता. भाऊ रंग कालवत होते. त्याची बायको शहाजादी खोलीपुढे धुणे वाळत घालत होती. तो गेला तर या सगळ्यांनाही जावे लागेल, हे हंबीररावांनी हसत हसत कधीच सुनावले होते.

“ह्या समद्यांना घिऊन कुटं जाऊ?” तो म्हणाला.

तानाबाई फाटकाबाहेर उभ्या गाडीत जाऊन बसली.

हंबीररावांनी नवी नटी शोधली, नवी कादंबरीही आणली. सवयीप्रमाणे कुतुबुद्दीन वाचून त्यांना गोष्ट सांगू लागला. सांगता सांगता बाई दाराशी आली आणि तो थांबला.

“म्होरं?” हंबीररावांनी विचारले.

“म्होरं काय न्हाय, मालक. ती घरातच ऱ्हाती.”

हंबीररावांनी खूश होऊन दोघांसाठी चहा मागवला.