दोन खिडक्यांमधला गुणवंतांचा फळा

श्रावणातला दुसरा शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. स्थळ: पालममधलं फ्लेक्सचं दुकान. हजर: मुख्याध्यापक सर, शाळेची क्लार्क म्हणजे मी, फळ्याचा खर्च उचलणारे गावातले काका आणि दुकानदार. गैरहजर कुणी नाही. चहा काकांनी सांगितला होता.

काम एकच. दहावीत पहिल्या आलेल्यांचा नवा फळा ऑफिसातल्या दोन खिडक्यांमध्ये लावायचा होता. भिंत अरुंद आणि नावं अडतीस, तीही वडिलांच्या नावासह आणि आडनावासह. एकोणचाळिसावं माझं. मी पहिली आले त्या वर्षी जुन्या फळ्यावर नाव लिहायला पेंटर आलाच नाही. पुढच्या वर्षी आला तो थेट पुढचंच नाव लिहून गेला. "नव्या फळ्यावर घेऊ," असं तेव्हाचे सर म्हणाले होते. मी त्याच शाळेत नोकरीला लागले, केस पिकले, तेव्हा कुठे नवा फळा आला. स्वतःचं नाव आपणच यादीत घालणं बरं दिसेना, म्हणून यादीच्या पाठीमागे लिहिलं: जागा उरली तर.

दुकानदाराने आधी नेहमीचं अक्षर माउसने दोन्ही बाजूंनी दाबलं. उभ्या रेघा काड्यांसारख्या झाल्या, आडव्या जाडच राहिल्या. सगळे गुणवंत आजारी दिसायला लागले.

"असं न्हाई जमायचं, मॅडम," म्हणत त्याने दुसरा फॉन्ट काढला. हा मुळातच अरुंद आणि ठळक बेतलेला. उंच, जाड, कुठे शेपूट नाही की नखरा नाही. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा आला की सगळे खांदे चोरतात, तशी अक्षरं बसली होती. तरी आतल्या पोकळ्या मोकळ्या, त्यामुळे 'ब' आणि 'व' दारातूनही वेगळे कळत होते.

अडतीस नावं बसून खाली वीतभर जागा उरली. मी यादी उलटवणार, तोच काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"लय जागा उरली की! सप्रेम भेट जरा दणक्यात घ्या."

"काका, तिथं माझं राहिलेलं नाव घ्यायचं होतं. तुमची ओळ याच अक्षरात छान बसते."

"ह्या अक्षरात? ताई, मार्कं घेणाऱ्यानं अंग चोरून उभं राहावं. देणाऱ्यानं छाती काढून! तुमचं पुढल्या फळ्यावर घेऊ. त्यो बी मीच देतो."

सरांनी चहाच्या कपात पाहिलं. भेटीची ओळ रुंद अक्षरांत, सावलीसकट, पाच नावांइतकी उंच झाली.

निघताना दुकानदाराने माझं नाव त्याच अरुंद अक्षरांत स्टिकरवर कापून दिलं. "कुटं बी चिटकवा मॅडम, बोटभर जागा पुरते."

सोमवारी फळा लागला. बोटभर जागा एकच आहे, भेटीच्या ओळीखाली. तिथे चिकटवलं तर फळा मीही दिला असं दिसेल, आणि पुढच्या वेळी देणगी मागायला सगळं गाव माझ्याकडेच येईल.

माझ्या वहीत लिहिलेल्या फळ्याच्या अकरा कामांपैकी दहांवर खूण झाली आहे. स्टिकर खणात आहे. दर शनिवारी स्टूल घेऊन जाते, जागा मोजते, स्टूल परत ठेवते.

अकरावं: नाव चिकटवणे. जागा बघणे.