बायकोच्या नावाचं वटवाघूळ

पनवेलच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात वटवाघळांवर पीएचडी करायचो. ती इतकी रखडली होती, की सासरच्या माणसांनी चौकशी करणंसुद्धा सोडून दिलं होतं. अशात एका संध्याकाळी जवळच्याच नेरे गावात एका फार्महाऊसच्या बंद खोलीपाशी लावलेल्या जाळीत एक राखाडी वटवाघूळ सापडलं. हाताचं हाड मोजलं, तर पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी जुळेना. रंगही वेगळा. एरवी आम्ही मोजून लगेच सोडून देतो. मी ते कापडी पिशवीत घालून घरी आणलं. नवी जात! माझ्या डोक्यात हवा गेली.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे. म्हणून सकाळी चहा पिताना बायकोला म्हटलं, "तुझं नाव देतोय." ती भडकलीच. "लग्नाच्या वाढदिवसाला साधी साडी सुचत नाही, आणि आता वटवाघूळ?" पण जगभरच्या पुस्तकांत नाव छापून येणार म्हटल्यावर विरघळली. इतकी, की बातमी दुपारच्या आत तिच्या माहेरी, गव्हाणला पोचली. सासऱ्यांचा फोन आला, "जावयबापू, आमचे पोरीचे नावाला दुसरा काय गावला नाय?"

दुपारी माझ्या गाईड मॅडम बघायला आल्या. त्यांनी वटवाघूळ अलगद बाहेर काढलं आणि त्याचा पंख खिडकीच्या उजेडासमोर ताणला. बोटांच्या सांध्यांतून उजेड आरपार येत होता. हाडं अजून भरलीच नव्हती.

"अरे, पिल्लू आहे हे. मोठं झालं की नेहमीचंच," त्या म्हणाल्या.

हीच तपासणी मी दरवर्षी मुलांना पहिल्या तासाला शिकवायचो. स्वतः केली नाही, कारण मला ती करायचीच नव्हती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो.

"म्हणजे याची आई कालपासून शोधत असेल?" तिने विचारलं.

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी स्कूटरवर बायको पिशवी पोटाशी धरून मागे बसली. नेऱ्याला पोचल्यावर तिनेच गाठ सोडली. पिल्लू क्षणभर तिच्या ओढणीला लटकलं आणि मग दाराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत शिरलं. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला.

"नाय बाबा, नाव नाय दिला. बारका होता. आयशीकडं सोडला."

ती हसत सांगत होती. माझी मात्र तिच्याकडे बघायची हिंमत होईना.