समुद्रकाठच्या गवताचा नमुना

पाटोद्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. समुद्र इथून लांब, म्हणून किनाऱ्यावरचं गवत दाखवायला माझ्याकडे कागदावर चिकटवलेला एकच वाळवलेला नमुना आहे, स्पिनिफेक्सचा. कोकणात सहलीला गेले तेव्हा वाळूवर वाऱ्यानं गडगडत चाललेला तो काटेरी गोळा मी धावत जाऊन पकडला होता. दरवर्षी तो कागद टेबलावर ठेवून मी मारे सांगायचे, "हे गवताच्याच कुळातलं, आपल्या बाजरीचं भाऊबंद." कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'संपूर्ण फुलोरा'.

यंदा दिवाळीआधीच निम्मा वर्ग ऊसतोडीला गेला. चार मुली उरल्या. त्यांतल्या एकीच्या हातचं भिंग सुटत नसे. खोलीवर माझी वाट बघणारं कोणी नाही. तास संपला की ती थांबायची, तेवढंच काय ते माझं बोलणं. एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, ह्याच्यात पुंकेसर एक बी न्हाई. ह्यो तर अर्धा कोयता हाय."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस अर्धा. बाकीच्या तिघी हसल्या. माझा राग सदाचा नाकावर. "शिकवायला मी आहे ना? चल, बाहेर हो!" ती गेली ती पुन्हा आलीच नाही.

मग मी पुस्तकं काढली. तिचंच खरं होतं. या गवतात नर आणि मादी वेगवेगळ्या झाडांवर असतात आणि माझ्याकडे नुसती मादी. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत आले. लाज वाटली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी तिला परत आणायचंच, म्हणून तिच्या गावी गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मॅडमनं वर्गातून काढलं म्हनली. भावजय बाळंत झालीय, मंग भावासंगं तीच गेली माजलगावकडं तोडीला."

शेजारणीकडून नंबर घेऊन तिथूनच फोन लावला. "तुझं बरोबर होतं गं. माझं चुकलं. परीक्षेला ये."

"आता कारखाना बंद झाल्याबिगर कुटं येता येतंय, मॅडम?"

परीक्षा त्याच्या आधीच होती. ते दोघींनाही ठाऊक होतं. मग तिनंच विचारलं, "जेवल्या का, मॅडम?"

कित्येक महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.